घरचा माणूस नको

दुर्गदबैलच्या बाजारात जिथं आमचं दुकान होतं, त्या बाजूला मी सहसा जात नाही. नवनगरहून हुबळीत खरेदीला आले तरी वाकडी वाट करून दुसरीकडून जाते. परवा मात्र रिक्षावाल्यानं शहाणपणा करून हातगाड्यांच्या गर्दीत रिक्षा घातली आणि ती नेमकी तिथंच अडकली. नव्या मालकानं मधली फळ्यांची भिंत काढून टाकली आहे. दुकान पुन्हा एकच झालंय, माझ्या लहानपणी होतं तसं. फक्त खणांच्या ताग्यांऐवजी आता तिथं मोबाइलची रंगीत कव्हरं लटकताहेत.

मला त्या माणसाचा राग आला. त्याची काही चूक नव्हती. पण जी भिंत आम्ही इतकी वर्षं जपली, ती त्यानं सुताराला बोलावून एका दुपारी उचकटून टाकली असणार, आणि संध्याकाळी फळ्या विकूनही टाकल्या असणार.

आमचे आजोबा सांगलीकडून इकडं आले आणि त्यांनी खण-लुगड्यांचं दुकान घातलं. त्यांच्यानंतर ते अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका दोघं मिळून चालवायचे. अप्पा थोरले. काका त्यांना अण्णा म्हणत, आणि गिऱ्हाईकंही काकांचं ऐकून अण्णाच म्हणत. काकांनी मला सायकल शिकवली, इंदिरा ग्लास हाऊसच्या बागेत नेऊन भेळ खायला घातली, आणि मी दहावीला गणितात नापास होता होता वाचले तेव्हा सगळ्या बाजाराला पेढे वाटले. ‘पास झाली’ एवढंच सांगायचे, किती मार्कांनी ते नाही. मला वडील दोन आहेत असं मी लहानपणी समजत होते आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

भांडण झालं ते सिंथेटिक साड्यांवरून. काकांना त्या ठेवायच्या होत्या, अप्पांना नव्हत्या. एवढ्याशा गोष्टीचं इतकं मोठं होऊ शकतं हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला पटलं नसतं. शेवटी पंच बसले, वाटणी झाली, दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. पुढची लांब दगडी पायरीसुद्धा छिन्नीनं मधे खाच मारून वेगळी केली. काका-काकू उणकलला नवीन घरात राहायला गेले. जाताना काका म्हणाले, “तुझ्या पायरीवर पाय ठेवणार नाही.” अप्पा म्हणाले, “ठेवू नकोस.” आणि दोघंही शब्दाचे पक्के. असले पक्के लोक घरात असले की बाकीच्यांचे हाल होतात.

त्यानंतर आम्ही त्यांना फक्त ऐकत होतो. फळ्या पातळ होत्या. पलीकडं काका गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना, कात्री चालवताना, चहावाल्याला हाक मारताना सगळं इकडं ऐकू यायचं. अप्पा मान खाली घालून ताग्यांच्या घड्या घालत बसायचे, पण काका हसले की त्यांचा हात थांबायचा. मी बी.ए. होऊन स्थळांची वाट बघत घरी बसले होते, म्हणून सकाळी दुकानात येऊन अप्पांना मदत करायचे. खरं सांगायचं तर मीसुद्धा भिंतीजवळच्याच स्टुलावर बसायचे.

मग एका वर्षी त्या भिंतीतून खोकला यायला लागला.

आधी थोडा, मग जास्त. काकांनी खाजगी डॉक्टरला दाखवलं. त्यानं गोळ्या दिल्या, काकांनी काही दिवस घेतल्या, खोकला उतरला. पुढं दिवाळी होती, दुकानात गर्दी होती, गोळ्या राहून गेल्या. पुन्हा खोकला आला तेव्हा त्यांनी जुनीच चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून थोड्या गोळ्या घेतल्या आणि बरं वाटल्यावर पुन्हा सोडल्या. तेव्हा सगळे असंच करायचे. ताप आला की औषधवाल्याला सांगायचं, तो दोन कॅप्सूल कापून द्यायचा, एक घ्यायची आणि एक पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं पाकिटाच्या मागं सरकारनं बारीक अक्षरात छापलेलं असायचं, पण तसलं वाचत बसायला कुणाला वेळ होता?

फळ्यांपलीकडचा खोकला ऐकून अप्पांचं जेवण कमी झालं. तोंडानं मात्र ते म्हणायचे, “दार लावून बसायला काय होतंय त्याला? गिऱ्हाईक पळतंय आमचं.”

अखेर काकांच्या थुंकीत रक्त दिसलं. काकू त्यांना धरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. टीबी निघाला. तिथल्या डॉक्टरांनी काकांना सरळ सांगितलं, की तुम्ही दोनदा औषध अर्धवट सोडलंय, अजून नशीब बलवत्तर आहे. आता पुन्हा सोडलंत तर आतले जंतू या गोळ्यांना दाद देणार नाहीत, आणि मग आमच्याकडं तुम्हाला द्यायला फारसं काही उरणार नाही. हे काकूंनी देवळात आईला गाठून रडत सांगितलं. बायकांचं बोलणं कधी बंद झालंच नव्हतं, ते फक्त देवळात हलवलं होतं. आईला वाईट वाटलं, पण घरी येऊन ती हेही म्हणाली की वेगळे झालोत तेच बरं, पोरीची स्थळं यायचीत. मी त्या दिवशी आईशी बोलले नाही.

त्याच सुमारास सरकारनं टीबीसाठी नवी पद्धत आणली होती. औषध घरी द्यायचंच नाही. लोक ते सोडतात, आणि सोडलेल्या औषधानं जंतू शहाणे होतात, हे दिल्लीतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. रोग्याच्या नावाचा एक खोका करायचा, त्यात त्याची सगळी औषधं पहिल्या दिवसापासून भरून ठेवायची, आणि तो खोका एका माणसाच्या ताब्यात द्यायचा. रोग्यानं दिवसाआड त्या माणसाकडं जायचं आणि त्याच्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या.

दवाखान्यातल्या सिस्टर एका सकाळी खोका पिशवीत घेऊन बाजारात आल्या. काकांचं दुकान सकाळपासून असायचं, म्हणून त्या जवळच कुणी मिळतंय का बघत होत्या. त्या धारवाडकडच्या, बोलणं कन्नड आणि मोठ्या आवाजातलं. काकांच्या दुकानात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “मनी मंदी ब्याडरी!” घरचा माणूस नको. घरच्यांना दया येते. आज मळमळतंय, राहू दे, उद्या घे, असं घरचेच म्हणतात. दुसरा कुणीतरी पाहिजे, जवळचा आणि जरा कडक.

काका दाराबाहेर बघायला लागले. बाजारात कुणाला कळू नये असं त्यांना वाटत होतं, आणि सिस्टरांच्या आवाजानं अर्ध्या बाजाराला कळलंच होतं.

तेवढ्यात अप्पा उठले. आमच्या पायरीवर, खाचेच्या अलीकडं उभं राहून त्यांनी सिस्टरांना हाक मारली आणि म्हणाले, खोका इकडं आणा. मी बघतो.

सिस्टरांनी विचारलं, तुम्ही घरचे का?

“नाही,” अप्पा म्हणाले. “वाटणी झालीय. चूल वेगळी, दुकान वेगळं. ही भिंत बघा की.”

आमच्या जातीच्या व्यापाऱ्यांत वाटणीला फार किंमत. एकदा पंचांनी वाटणी केली की माणूस खरंच वेगळा झाला असं सगळे मानतात, लग्नपत्रिकासुद्धा वेगळी जाते. त्यामुळं अप्पा खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं नाही आणि त्यांनाही वाटलं नसावं. सिस्टरांनी भिंत बघितली, अप्पांचा चेहरा बघितला. एवढा कडक माणूस त्यांना सबंध बाजारात दुसरा मिळाला नसता.

सोमवारी सकाळी काका आमच्या पायरीशी आले आणि उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे, मला तर तो फार वाटला. मग त्यांनी पाय उचलून पायरीवर ठेवला. अप्पांनी तिकडं पाहिलंच नाही, तांब्यातून पेल्यात पाणी ओतत राहिले.

ते दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर बसले आणि बोलेनात. अप्पा मला म्हणाले, “त्याला म्हणावं, सगळ्या एकदम नको, एकेक घे.” काका मला म्हणाले, “त्यांना सांग, कळतंय मला.” गोळ्या मूठभर होत्या. गिळून झाल्यावर अप्पा म्हणाले, “त्याला म्हणावं, तोंड उघड. जीभ वर कर.” काका माझ्याकडं रागानं बघत तोंड उघडून बसले. मी म्हटलं, मी काही सांगत नाही, तुमचं तुम्ही बघा. पण बाहेर पळून जायला पाय निघत नव्हता. काका आमच्या गादीवर बसले होते. इतक्या वर्षांनी मला त्यांच्या कानामागचा तीळ दिसत होता.

असे काही आठवडे गेले. गोळ्यांनी काकांना मळमळायचं, लघवी तांबडी व्हायची. हे ते मला मुद्दाम अप्पांना ऐकू जाईल असं सांगायचे आणि अप्पा मुद्दाम ऐकायचे नाहीत. पण आई सकाळी डब्यात नाचणीची आंबील द्यायला लागली. कुणासाठी ते ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. काका गेल्यावर डबा रिकामा असायचा.

एकदा एक मोठी गोळी काकांच्या घशात अडकली. ते खोकायला लागले, डोळे पांढरे झाले. अप्पांनी एका ढेंगेत गादी ओलांडून त्यांच्या पाठीत थाप मारली आणि ओरडले, “अरे हळू की रे! लहानपणापासून तुझं हेच!” गोळी खाली उतरली. मग काका डोळे पुसत म्हणाले, “लहानपणी तू चिंचोके खायला घातलेलेस अण्णा, ते अडकले होते.” अप्पा म्हणाले, “चिंचोके तू चोरलेलेस.” आणि त्यावरून त्यांचं जे जुंपलं, ते गिऱ्हाईक आलं तरी थांबेना. इतकं सुंदर भांडण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुढं पुढं काकांच्या गालावर मांस दिसायला लागलं. सुरुवातीचे महिने संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, आता आठवड्याची पहिली खेप इथं घ्या, बाकीच्या घरी घेतल्या तरी चालतील, रिकामं पाकीट आणून दाखवा म्हणजे झालं. काका हो म्हणाले, आणि बुधवारी पुन्हा पायरीवर हजर. शुक्रवारीही. “घरी विसरतो,” म्हणाले. अप्पा म्हणाले, “विसरणारच तो.” मला दोघांचे मुके घ्यावेसे वाटले, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

आणि मग ते साहेब आले.

तालुक्यातली टीबीची कामं तपासायला मोटारसायकलवरून फिरणारे ते साहेब एका शुक्रवारी, नेमके गोळ्यांच्या वेळी, दुकानापुढं उतरले. कोपऱ्यावर त्यांनी चहा घेतला होता आणि चहावाल्यानं नको ते सांगितलं होतं. साहेबांनी खोका बघितला, काकांकडं बघितलं आणि अप्पांना विचारलं, “इब्बरू अण्णतम्मंदिर अंत?” तुम्ही दोघं भाऊभाऊ म्हणे?

काकांच्या हातात पाण्याचा पेला होता, तो तसाच राहिला.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, नियम असाच आहे. नातेवाईक असेल तर खोका इथं ठेवता येणार नाही. मागच्या गल्लीत अंगणवाडी आहे, तिथल्या बाईंकडं देतो. उपचारात खंड पडणार नाही.

मला कळलं की अंगणवाडीतल्या बाई गोळ्या नीट देतील. काका बरे होतील. आणि त्या सोमवारपासून भिंतीतून फक्त कात्रीचा आवाज येईल.

“इवरु निमग एनागबेकरी?” साहेबांनी पुन्हा विचारलं. हे तुमचे कोण लागतात?

“एनू इल्लरी,” अप्पा म्हणाले. कुणी नाही. त्यांचा आवाज चढला. “वाटणी झालीय पंचांसमोर. ही भिंत बघा, ती पायरी बघा. हा माणूस माझ्याशी इतकी वर्षं बोलत नव्हता, विचारा बाजारात कुणालाही. कुणी नाही माझा.”

साहेब काकांकडं वळले. काकांनी पेला खाली ठेवला. “शेजारचे दुकानदार आहेत,” ते म्हणाले. “आमचं पटत नाही. स्वभाव फार वाईट आहे यांचा.”

“आणि तू?” साहेबांनी मला विचारलं.

“मी यांची मुलगी.” मी अप्पांकडं बोट केलं.

“आणि हे तुझे कोण?”

काका माझ्याकडं बघत होते. त्यांनी किंचित मान हलवली, सायकल शिकवताना हात सोडायच्या आधी हलवायचे तशी. “शेजारचे,” मी म्हटलं. हा शब्द तोंडातून निघताना मला किती जड गेला हे मला आजही सांगता येत नाही. वाटणीच्या दिवशी हेच सगळं ते एकमेकांना रागानं म्हणाले होते, तेव्हा मी रात्रभर रडले होते. आणि आता तेच शब्द, तीच भिंत पुढं करून, ते दोघं एकमेकांना घट्ट धरून ठेवत होते.

साहेबांनी एकदा अप्पांचं नाक बघितलं, एकदा काकांचं. आमच्या घरातलं नाक लपवण्यासारखं नाही. मग ते खोका परत जागेवर ठेवून म्हणाले, “भांडण खरं आहे ना? मग औषध संपेपर्यंत चालू ठेवा.” मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर अप्पा काकांना म्हणाले, “स्वभाव वाईट काय रे माझा?” काका म्हणाले, “खोटं कसं बोलू सरकारी माणसाशी?”

नियम ज्यानं केला तो चुकला होता असं मी म्हणणार नाही. उलट त्याच सरकारचा तो बारीक अक्षरातला नियम कुणी पाळला नाही आणि डोळ्यांसमोर गोळ्या गिळायचा हा पाळला गेला, तो कुणीतरी समोर बसून बघत होतं म्हणूनच. फक्त त्या दिल्लीच्या माणसाला दुर्गदबैलातली वाटणी ठाऊक नव्हती, आणि घरच्या माणसाचा कडकपणा कसा असतो हेही.

खोका संपत आला. काकांचं वजन वाढत होतं, सगळे आनंदात होते, आणि मला आतून धाकधूक. मला ते बरे व्हायला हवे होते. पण त्या खोक्याला तळ नसता तर बरं झालं असतं असंही वाटायचं. शेवटची खेप झाली. थुंकीची तपासणी स्वच्छ आली. सिस्टर रिकामा खोका घेऊन गेल्या, जाताना अप्पांना हात जोडून गेल्या. काका पायरी उतरले आणि आपल्या दुकानात गेले.

पुढच्या सोमवारी अप्पांनी पेला भरून ठेवला. काका आले नाहीत. पलीकडं दुकान उघडल्याचा आवाज आला, कात्रीचा आला. अप्पांनी पाणी स्वतः पिऊन टाकलं. बुधवारी पुन्हा भरला. मी बाहेर जाऊन बघितलं तर काका आपल्या पायरीवर खाचेजवळ उभे होते, चहावाल्याला शोधत असल्यासारखे. मला बघून आत गेले. आता यायचं तर कशासाठी यायचं? गोळी नाही, सिस्टर नाही, नियम नाही. नुसतं भावाकडं म्हणून जायचं, तर पाय ठेवणार नाही म्हणून कधीतरी बोलून बसलेले. मला इतका संताप आला होता की दोघांची डोकी त्या फळीवर आपटावीत.

शुक्रवारी अप्पांनी तांब्या भरला, पेला घेतला आणि मला म्हणाले, “गल्ल्यावर बस.” ते आमची पायरी उतरले. खाचेपलीकडच्या पायरीवर त्यांनी पहिल्यांदाच पाय ठेवला.

फळ्या पातळ होत्या. मी कान लावला.

“तोंड उघड,” अप्पांचा आवाज आला.

“गोळ्या संपल्या की अण्णा.”

“तोंड उघड म्हटलं ना? जीभ वर कर.”

मग गादीवर कुणीतरी बसल्याचा आवाज, पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज. त्यानंतर दोघं काहीतरी हळू हळू बोलत होते, थांबून थांबून. इतकी वर्षं त्या भिंतीतून मला घासाघीस ऐकू आली, खोकला ऐकू आला, पण हे काही नीट ऐकू येईना. मी तिथंच उभी राहिले. गिऱ्हाईक येऊन परत गेलं असेल तर मला ठाऊक नाही.

आता अप्पा नाहीत. काकाही नाहीत. परवा रिक्षा सुटायची वाट बघत मी त्या दुकानाकडं बघत होते, आणि भिंत जिथं होती तिथं अजून जमिनीवर एक फिकट रेघ उरली आहे. ते काय बोलत होते, मला आजही ऐकायचंय.